तिसरी पापणी

लवू घाडीला रडायला कधी कांदा लागला नाही, ग्लिसरीन तर नाहीच. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत जिथे जिथे जत्रेला दशावतार होतो, तिथे तिथे लवूची राणी ठाऊक होती. वनवासाला निघालेली, नवऱ्याने टाकलेली, मूल दुरावलेली, राणी कुठलीही असो. लवू रंगमंचावरच्या बाकड्याच्या कडेला पदर धरून बसला की समोरच्या बाया आधीच नाकं पुसायला लागत. त्याचा आधी डावा डोळा भरायचा, मग उजवा. हे तो ठरवून करायचा आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता.

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. कथा ठरलेली, पण बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. तिथला कायदा एकच: समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. राक्षसाने विचारलं, "बाई, तू कोण?" की राणीने तोंडात मिठाची गुळणी धरून चालत नाही. तो शब्द उचलायचा, त्याला दोन शिंगं जोडायची आणि परत टाकायचा. उभा जन्म लवूने हेच केलं.

राणीसाठी त्याने केस वाढवले, भिवया कोरल्या. विसाव्या वर्षी नाकही टोचून घेतलं, कारण चापाची नथ ऐन विलापात गळून पडायची आणि लोक हसायचे. त्याचा बाप तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आता हातात बांगड्यो पण भरून घे." लवूने त्याला उत्तर दिलं नव्हतं, पण नाकही बुजू दिलं नव्हतं. ही गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढे खुद्द लवूच ती विसरला.

लवूला एकच मुलगी, केतकी. समुद्रशास्त्र शिकून ती गावाजवळच्याच सागरतळ केंद्रात लागली. समुद्र तापत गेला तशी किनाऱ्याजवळच्या खडकांवरची प्रवाळं पांढरी पडून मेली होती. प्रवाळं गेली, मागोमाग मासळी गेली. केंद्राचं काम म्हणजे उष्णता सोसणाऱ्या नव्या प्रवाळाची रोपं त्या खडकांवर एकेक करून बसवायची. सिलेंडर लावून उतरलं की बुडबुड्यांनी गाळ उठायचा आणि कोवळी रोपं गुदमरायची. यंत्राचे हात ती चुरडून टाकायचे. माणसाने श्वास रोखून उतरावं आणि बोटांनी काम करावं, हाच एक मार्ग उरला होता. पण माणसाला पाण्यात दिसतं कुठे? पाणचष्मा लावला तर खोलवर दाबाने तो डोळ्यांत रुततो.

आपला डोळा हवेसाठी बनलेला आहे. प्रकाश हवेतून डोळ्याच्या पारदर्शक बुबुळात शिरताना वाकतो, म्हणून चित्र नीट उमटतं. पाण्यात तो जवळजवळ वाकतच नाही, कारण बुबुळही बहुतेक पाणीच आहे. म्हणून सगळं धूसर दिसतं. मगरी, पाणपक्षी यांना एक तिसरी पापणी असते, आडवी सरकणारी आणि पारदर्शक. आपल्याकडेही तिचा अवशेष आहे: आरशात पाहिलं तर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी घडी दिसते, ती. केंद्रातल्या डॉक्टरांनी केतकीच्या त्या घडीतल्याच पेशी घेतल्या, त्यांची लाखो वर्षं निजलेली जनुकं जागी केली आणि त्या परत तिथेच रुजवल्या. काही महिन्यांत पापणी वाढली. मधोमध किंचित जाड, भिंगासारखी, त्यामुळे पाण्यातही लख्ख दिसायचं. जोडीला तिची प्लीहा मोठी केली, म्हणजे रक्ताचा जादा साठा राहतो आणि श्वास जास्त वेळ धरता येतो. अश्रूंच्या ग्रंथीही बदलल्या. खारं पाणी झोंबू नये म्हणून त्या आता पातळ पाण्याऐवजी तेलकट थर सोडत.

हे सगळं करून केतकी घरी आली तेव्हा आई, रजनी, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दुखता काय गे?"

"नाय गे आये."

"मगे बरा," रजनी म्हणाली आणि मासे कापायला गेली.

लवूला मात्र ते डोळे बघवेनात. बोलता बोलता केतकीच्या डोळ्यावरून कोपऱ्यातून बाहेरून दुधी दिसणारी एक काच सरकून जायची. शेजारची पोरं किंचाळून पळायची आणि परत बघायला यायची. पारावर कोणीतरी म्हणालं, "लवू बायलमाणूस, पोर मासळी. आता रजनीक पण कायतरी बनवा!" सगळे हसले. लवूही हसला. दुसऱ्या दिवशी तो मालवणच्या बाजारात गेला आणि लेकीसाठी चांगल्यातला काळा चष्मा घेऊन आला.

"उन्हाचो वापर," तो म्हणाला.

केतकीने तो वापरलाही. घरी पाहुणे आले की, देवळात गेली की, आणि बापाचं नाटक बघायला मांडवात बसली की. तिथे ऊन कुठलं यायला?

पुढच्या वर्षी कायदा झाला. तो उगाच झाला नव्हता. शहरांतून दुकानं निघाली होती. डोळ्याची बाहुली मांजरीसारखी करून देणारी, कातडी चमकवून देणारी, हाडं ताणून उंची वाढवणारी. पोरं मेली, पोरं पांगळी झाली. एक बाजू म्हणत होती, माझं शरीर माझं आहे, सरकारने त्यात नाक खुपसू नये. दुसरी बाजू विचारत होती की ज्या जिल्ह्यात नोकरीच नाही, तिथे नोकरीचा कागद दाखवून शरीर बदलायला लावलं तर त्याला मर्जी म्हणायचं का? दोन्ही बाजू अगदीच चुकीच्या नव्हत्या, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. शेवटी ठरलं असं: औषधोपचार सोडून शरीरात बदल करायला बंदी. कान-नाक टोचणं आणि गोंदण ही परंपरा, तिला सूट. ज्यांनी आधीच बदल करून घेतले त्यांनी जिल्ह्याच्या परीक्षण मंडळापुढे यायचं. स्वतःच्या मर्जीने केलं असेल तर परवाना. फूस किंवा दडपण असेल तर सरकारी खर्चाने बदल काढून टाकायचा. जवळच्या नातलगाच्या साक्षीला मोठं वजन.

सुनावणीच्या सकाळी रजनीने नवऱ्याला बजावून सांगितलं, "दोनच शब्द बोलायचे. चेडवान, केतकीन, आपल्या मर्जीन केल्यान. संपला. थय नाटाक करू नकात."

"मी काय खुळो आसंय?" लवू म्हणाला.

जिल्ह्याच्या ठिकाणचं, ओरोसचं सभागृह भरलं होतं. मंडळाच्या अध्यक्ष नलिनी पडते, निवृत्त न्यायाधीश, मधल्या खुर्चीत होत्या. त्यांच्या बाजूला मंडळाचे सदस्य, वकील नेरूरकर. त्यांचा भाचा हाडं ताणून घेण्याच्या नादात कायमचा अंथरुणाला खिळला होता, त्यामुळे हा माणूस प्रत्येक प्रकरण मनापासून लढवायचा. केतकी एका बाजूला बसली होती. डोळे दिसावेत म्हणून तिला चष्मा काढायला सांगितलं होतं. लवू उभा राहिला, त्याने खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि समोर बघितलं. तीनेकशे माणसं. पुढच्या रांगेत बाया. तिथेच घात झाला.

नेरूरकरांनी विचारलं, "घाडीबुवा, मुलगी केंद्रात हे करून घ्यायला गेली, ते तुम्हाला विचारून गेली का?"

"नाय." हे खरं होतं. तेव्हा लवू जत्रांच्या दौऱ्यावर होता.

"म्हणजे जन्मदात्या बापाला अंधारात ठेवलं."

हा प्रश्न नव्हता. हा टाकलेला शब्द होता आणि लवूने तो खाली पडू दिला नाही.

"अंधार?" तो हळूच म्हणाला. "सायबांनू, अंधारात दिवो तरी लावता येता. माझ्या घरात दिवो हुतो, पण पोर दिसा नाय! उंबऱ्याभायर उबी रवली आणि म्हणाली, बाबा, माका वळाखल्यात? मी तिच्या डोळ्यांत बघलंय. माझा चेडू थय नव्हता."

पुढच्या रांगेतून एक हुंदका आला. झालं. लवूचा डावा डोळा भरला.

"तिना पाय धरल्यान माझे. म्हणाली, बाबा, नोकरेचा आमिष दाखवल्यानी, माका फसवल्यानी! माका सोडवा. माझे डोळे माका परत देवा! आणि मी करंटो बापूस, माझ्या हातात काय आसा? दोन आसवां. तेवडीच घेवन मी तुमच्या दारात इलंय."

मग उजवा डोळा भरला. पदर धरायचा तसं त्याने उपरण्याचं टोक धरलं. बाया रडत होत्या, शिपाई रडत होता, नेरूरकरांनी चष्मा काढून पुसला. पडतेबाई तेवढ्या खाली मान घालून बसल्या होत्या. सगळ्यांनी मग केतकीकडे बघितलं. तिच्या दोन्ही डोळ्यांवर ती दुधी पापणी पूर्ण ओढलेली होती आणि गाल कोरडे ठाक होते. मागून कोणीतरी म्हणालं, "बाप रडून रडून अर्धा झाला, आणि पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही."

तिला वेगळं काही विचारायची कोणाला गरज वाटली नाही. मंडळाने निकाल सांगितला: बदल काढून टाकण्यात यावेत, पुढच्या बैठकीपर्यंत मुलीला हरकत घेता येईल.

लवू बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात प्रयोग रंगल्यावरचं ते ओळखीचं सुख होतं. शिपायाने त्याला स्वतः पाणी आणून दिलं. पेला तोंडाला लावता लावता त्याने रजनीचा चेहरा पाहिला आणि पेला तसाच शिपायाच्या हातात परत दिला.

तिघं घरी आली. केतकी सरळ आपल्या खोलीत गेली. रजनीने बांगडे काढले, विळी घेतली आणि पाठमोरी बसली.

"नेरूरकरान तसा इचारल्यान म्हणान," लवू म्हणाला, "तोंडातून गेला ता."

"तिचे डोळे बघलात?"

"कोरडे हुते."

"कोरडे!" रजनीने विळीवरून हात उचलला. "डॉक्टरान काय सांगितल्यान ता ऐकलात कदी? रडूची जी शीर आसता, ती आता त्या पापणेक जोडलेली आसा. आसवां येणत नाय, पापणी पडता. तिचा रडणा ता. डॉक्टर सांगी हुतो तेवा तुमी आरशासमोर भिवयो कोरी हुतात."

लवू भिंतीला टेकला. त्याच्या डोळ्यांपुढे ते सभागृह आलं. रडण्याची एकूण एक तऱ्हा त्याला येत होती आणि समोर आपली पोर रडत असताना त्याला ती ओळखता आली नव्हती.

"आणि ऐका," रजनी म्हणाली, "ती हरकत घेवची नाय म्हणता. माका म्हणाली, आये, बाबांका इतका दुःख झालेला माका कळलाच नाय. तेंका इतको तरास होता तर नकोत माका ते डोळे."

लवू उठून ओटीवर जाऊन बसला.

आता त्याला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसला असता तर सगळंच त्याच्या मनासारखं होत होतं. पोरीचे डोळे पूर्वीसारखे होणार होते. पारावरची थट्टा बंद झाली होती. देवळाचे मानकरी खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "लवू, बापाचा काळीज ता." फसवलेल्या पोरीच्या बापाला कोणी हसत नाही, लोक त्याला बसायला खुर्ची देतात. लवू त्या खुर्चीत बसला. बरेच दिवस बसला. पण घरात जेवायला बसला की केतकी त्याच्या ताटात स्वतःच्या वाट्याचा माशाचा तुकडा वाढायची, आजारी माणसाला वाढावा तसा, आणि तो तुकडा त्याला गिळवेना. पोर त्याला जपत होती. त्याने केलेल्या सोंगाला ती औषध लावत होती. याहून शरमेची गोष्ट लवूच्या आयुष्यात घडलेली नव्हती.

एका सकाळी ती धक्क्यावर गेली. आपल्या वाट्याचा खडक दुसऱ्या मुलीला सोपवायचा होता. लवू तिच्या मागोमाग गेला आणि ती पाण्याबाहेर येईपर्यंत दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून राहिला. वर आल्यावर तिची पापणी सरकली आणि तिने बापाला पाहिलं. लगेच तिचा हात पिशवीतल्या काळ्या चष्म्याकडे गेला.

"ऱ्हवांदे," लवू म्हणाला.

ती शेजारी बसली. केस पिळत म्हणाली, "जांभळी रोपां सगळी जगली, बाबा. एका कपारीत तर शेवटाळो मासो इलो. मी तीन वर्सांत पयल्यांदाच बघलंय." तिचा आवाज आनंदी होता, आणि मग तिला आठवलं की आनंद व्हायचं कारण नाही.

लवूने तोंड उघडलं. राणीचा विलाप त्याला झोपेत म्हणता आला असता, पण हे वाक्य येईना.

"केतकी, त्या दिवशी मी रडलंय ना, ता खोटा हुता."

"माका बरा वाटूचा म्हणान सांगू नकात."

"नाय गे. आईक. तू माझे पाय धरलंस नाय. माका फसवल्यानी, असा तू बोललंस नाय. ता राणयेचा भाषण. मी राणयेच्या तोंडचा तुझ्या तोंडात घातलंय."

"ता माका म्हायत आसा," केतकी म्हणाली. "शब्द तुमचे हुते. पण दुःख तरी खरा हुता ना?"

लवूने समुद्राकडे बघितलं. इथे हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. अर्धं खरं सांगून सुटता आलं असतं.

"दुःख नव्हता," तो म्हणाला. "माका तुझी लाज वाटा हुती. लोकां हसत. मासळेचो बापूस म्हणत. नेरूरकरान शब्द टाकल्यान तेवा माका वाटला, ह्या बरा आसा. पोरीक फसवल्यानी म्हटला की मी हसण्यातून सुटलंय. तुझे डोळे जाती, ता माझ्या डोक्यात पण नव्हता. रडताना मी पुढच्या रांगेकडे बघी हुतंय."

लवूला वाटलं आता पापणी पडेल. पडली नाही. केतकी उघड्या, स्वच्छ डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिली आणि ते बघणं त्याला सोसवेना.

मग ती म्हणाली, "मी शाळेत सांगी हुतंय, माझो बापूस एसटीत कंडक्टर आसा."

"म्हायत हुता माका."

"तुमी कदी काय बोललात नाय."

"चेडू हुतंस तू. लहान."

"लाज माका पण वाटा हुती, बाबा. शेजारच्या चेडवांनी कितीय इचारल्यानी तरी मी कबूल करूक नाय. पण माका लाज वाटली म्हणान तुमचा नाक कोणी शिवल्यान नाय."

लवूचा हात आपसूक नाकाकडे गेला. चाळीस वर्षांपूर्वीचं अंगण आणि बापाचा आवाज त्याला तिथल्या तिथे आठवला. आपण त्या अंगणात बापाच्या जागी जाऊन कधी उभे राहिलो, हे त्याला कळलंच नव्हतं.

"हरकत घेतंस?" त्याने विचारलं.

"घेतंय." ती उठली. "तुमी थय काय बोलाचा ता तुमचा तुमी बघा."

दुसऱ्या बैठकीला सभागृह आणखी भरलं होतं. गावात बोभाटा झाला होता की लवूचा आणखी एक प्रयोग आहे.

लवू उभा राहिला. उपरणं त्याने मुद्दामच आणलं नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला कळेना. "मी मागे बोललंय ता खोटा," तो म्हणाला. "चेडवान आपल्या मर्जीन केल्यान. म्हणजे... तसाच. माझा सगळा खोटा हुता." तो अडखळला, घाम पुसला आणि थांबला. अत्यंत वाईट बोलला. खरं बोलायची त्याने कधी तालीमच केली नव्हती.

लोकांत चुळबुळ झाली. नेरूरकर पुढे झुकले आणि अगदी मायेने म्हणाले, "घाडीबुवा, घरून दबाव आला का? बापाच्या काळजावर दगड ठेवला का कोणी?"

केवढा सुंदर शब्द टाकला होता! दगड. लवूच्या जिभेवर दहा वाक्यं एकदम उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर तयार ठेवले. सगळे वाट बघत होते. लवूने दात आवळले आणि जन्मात पहिल्यांदा टाकलेला शब्द खाली पडू दिला. ती शांतता एवढी लांबली की कोणीतरी खोकलं.

पडतेबाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही इतके रडलात आणि आज हे सांगताय. आम्ही खरं कुठलं मानायचं?"

"बाईसाहेब, माका साधा बोलाक जमणा नाय," लवू म्हणाला. "एक दाखवतंय. आदी डावो डोळो बघा."

त्याने मान किंचित कलती केली. "अंधार? सायबांनू, अंधारात दिवो तरी लावता येता..." तेच शब्द, तोच कंप, त्याच जागी तोच श्वास. डावा डोळा भरला आणि एक थेंब गालावर आला. "आता उजवो," त्याने मध्येच सांगितलं आणि उजवा भरला. "आता पुढच्या रांगेतल्यो बायो रडती." तो थांबला. हाताच्या पंजाने तोंड पुसलं. डोळे कोरडे झाले. "असा आसा ता. चाळीस वर्सां हेच्यावरच पोट भरलंय."

कोणी हसलं नाही. मागच्या खेपेला जे जे रडले होते ते आता आपापल्या पायांकडे बघत होते. नेरूरकरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी, जिने लवूची एकही राणी चुकवली नव्हती, मोठ्याने म्हणाली, "रे मेल्या! आता तुझी राणी रडात तेवा मी काय करू?"

पडतेबाईंनी विचारलं, "तुमचं नाक टोचलेलं दिसतं. ते करताना कोणाला विचारलं होतं?"

"कोणाक नाय."

"वडिलांना?"

"ते नको म्हणत."

बाईंनी मान हलवली. "तुम्ही बसा. तुमचं कुठलंच बोलणं आता साक्ष म्हणून धरता येणार नाही. मागचंही नाही आणि आजचंही नाही."

सगळ्या जिल्ह्यासमोर लवूच्या शब्दाची किंमत शून्य झाली होती. तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला. दुसऱ्याचं बोलणं मागे बसून ऐकायची त्याची ही पहिलीच वेळ.

केतकी उभी राहिली. नेरूरकर सावरले होते. त्यांनी तिला खरोखरचाच प्रश्न विचारला, "नोकरी मिळणार नसती, तर हे केलं असतंत?"

केतकीने विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. "बहुतेक नसतं केलं. गेले ते नोकरीसाठीच. ते तुमचं बरोबर आहे."

सभागृहात कुजबुज उठली. लवूने डोळे मिटून घेतले. असं कोणी बोलतं का, पोरी!

"पण आता मला पाण्याखालचं दिसतं," ती पुढे म्हणाली. "ते काढायचं असेल तर माझ्या मर्जीशिवाय काढावं लागेल. सुरुवातीला माझी मर्जी किती होती ते मला नेमकं सांगता येत नाही. आत्ता किती आहे ते सांगता येतं. माझे डोळे राहू द्या."

एवढंच बोलली. आवाज चढला नाही, कोणाला हुंदका आला नाही. रजनीने फक्त हातातली पिशवी घट्ट धरली. मंडळाची माणसं आत गेली, बाहेर आली आणि केतकीला परवाना मिळाला. नेरूरकरांनी विरोधी मत नोंदवलं, आणि जाताना तिच्याजवळ थांबून म्हणाले, "सांभाळा." तेही मनापासूनच म्हणाले.

बाहेर रणरणतं ऊन पडलं होतं. पायऱ्यांवर गावची माणसं उभी होती. एकजण म्हणाला, "लवू, ॲक्टिंग एक नंबर हां!" आणि लवूला भुई दुभंगली तर बरं असं झालं. रजनी रिक्षा बघायला पुढे गेली. केतकी पायरीवर थांबली, पिशवीतून तो काळा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

लवू तिच्याजवळ गेला. "काढ गे तो," तो म्हणाला. "आता नको. माझ्यासाठी तरी नको."

"तुमच्यासाठी नाय," केतकी म्हणाली. "ऊन आसा, बाबा."

ऊन खरंच होतं. लवू तिच्याकडे बघत राहिला. त्या काळ्या काचांमागे पापणी उघडी होती की मिटलेली, ते त्याला दिसत नव्हतं. काचा त्यानेच निवडून आणल्या होत्या, चांगल्यातल्या, आतलं काही बाहेर दिसू नये अशा. आणि तू रडतेस का, हे विचारायला त्याच्याजवळ आता शब्दही उरला नव्हता. रिक्षा आली तेव्हा केतकी आईशेजारी मागे बसली. तो पुढे ड्रायव्हरजवळ बसला आणि घर येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.